मिशीवाल्या कॅचरचं लॅमिनेशन

आमच्या ह्यांना लॅमिनेशनचा नाद आहे. कुणाला दारूचा असतो, कुणाला पत्त्यांचा, ह्यांना हा. मोकळा कागद दिसला की ह्यांचे हात शिवशिवायला लागतात. कराडच्या घरी ह्यांच्या दहावीच्या मार्कलिस्टला वाळवी लागली होती. त्या वाळवीनं इतिहास, भूगोल, शास्त्र सगळं खाल्लं आणि गणिताचे मार्क तेवढे नेमके शिल्लक ठेवले. तेव्हापासून हा माणूस बिथरला तो बिथरलाच.

पुढे नोकरी मिळाली तीसुद्धा आधीच मर्कट त्यात मद्य प्याला अशी. कतारमध्ये, दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. दिवसभर नकाशांवर शिक्के मारायचे, नंबर घालायचे, फायली लावायच्या. घरी येऊन माणसानं चहा प्यावा, बायकोशी दोन शब्द बोलावेत. तर हे खण उपसून कुठला कागद उघडा राहिलाय ते बघायचे.

आमच्या अल मन्सूराच्या फ्लॅटमध्ये काय काय प्लास्टिकात आहे म्हणून सांगू! मेट्रोचा नकाशा आहे. जुन्या वॉशिंग मशीनची गॅरंटी आहे; मशीन केव्हाच मेलं, गॅरंटी ठणठणीत. सासूबाईंच्या हातची लिंबाच्या लोणच्याची कृती आहे. आमची लग्नपत्रिका आहे. लेकीच्या जावळाची बटसुद्धा आहे, ती झुरळ चिरडल्यासारखी दिसते. एकदा मी तापानं फणफणले होते, तर डॉक्टरांची चिठ्ठी औषधं आणायच्या आधीच लॅमिनेट झाली. फार्मसीवाला त्या गुळगुळीत चिठ्ठीवर शिक्का मारतोय, शिक्का घसरतोय, आणि मी इकडे पडून. शेवटी नवी चिठ्ठी आणावी लागली.

ह्यांचं देवस्थान म्हणजे नजमा भागातलं एक टायपिंग सेंटर. तिथं अर्ज टाइप करून मिळतात, झेरॉक्स मिळते आणि कोपऱ्यात ते मशीन आहे. मालक मल्याळी. ह्यांना बघितलं की तो मशीन आधीच तापत ठेवतो. मी एवढी वर्षं हे सगळं गिळलं. म्हटलं, बाहेर काही भानगडी तर नाहीत ना, मग करू दे. पण त्या कॅचरच्या वेळी मात्र माझ्या डोक्याचा जो भडका उडाला, तो अख्ख्या बिल्डिंगनं ऐकला.

आता कॅचर कोण, ते सांगते.

आमची लेक एकुलती एक. इथंच वाढली, इथल्याच इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतून. 'जेवलीस का गं?' असं विचारलं की 'ऑलरेडी एट, आई.' शिकायला म्हणून अमेरिकेला गेली, तिथंच नोकरी लागली, आणि एके दिवशी फोनवर तिनं एक अमेरिकन मुलगा दाखवला. मुलगा चांगला आहे. मी शोधून शोधून खोट काढायला बघितली, सापडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्याची आई नाही. वडील शाळेत सुतारकाम शिकवायचे, आता रिटायर होऊन एकटेच राहतात. म्हणजे हे आमचे होणारे व्याही.

दर शुक्रवारी व्याह्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. सुरुवातीला बोलायचं काय, हाच प्रश्न. ते विचारायचे, "हॉट?" हे म्हणायचे, "व्हेरी हॉट." मग हे विचारायचे, "कोल्ड?" ते म्हणायचे, "व्हेरी कोल्ड." की सगळे हसायचे आणि परत चिडीचूप. मी आपली मागून हात हलवायची. असे किती शुक्रवार गेले असतील देव जाणे. एकदा ह्यांचं लक्ष व्याह्यांच्या मागच्या भिंतीकडे गेलं. तिथं काचेच्या चौकटींत लहान लहान तपकिरी कागद होते ओळीनं. हे खुर्चीत सरसावून बसले आणि ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाले, "सर, हे कसले डॉक्युमेंट्स?"

झालं. माणसाच्या तोंडाचं टाळंच उघडलं.

ती होती जुनी बेसबॉल कार्डं. व्याह्यांचा जन्माचा छंद. फार पूर्वी म्हणे तिकडे सिगारेटचं पाकीट खिशात चेपू नये म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. पुढे कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की ह्या पुठ्ठ्यावर बेसबॉलच्या खेळाडूंचे फोटो लावू. मग बाप लोकांनी सिगारेटी ओढायच्या आणि पोरांनी चित्रं गोळा करायची. ते फोटोही मैदानावरचे नव्हेत, स्टुडिओतले. खेळाडू पोझ घेऊन उभा, आणि चेंडू वरून दोऱ्यानं टांगलेला! दोरा फोटोत दिसतोसुद्धा. हे ऐकून मी इतकी हसले. मी म्हटलं, अहो, आमच्या कराडच्या स्टुडिओत काढलेला माझा फोटो आहे, मागे पडद्यावर ताजमहाल आणि कानाला वायर नसलेला फोन. व्याही म्हणाले, तो फोटो मला बघायचाच आहे.

मग दर शुक्रवारी बेसबॉलचा इतिहास. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण व्याही मास्तर माणूस, समजावून सांगायचे. म्हणाले, सुरुवातीच्या काळात चेंडू एक टप्पा पडून झेलला तरी माणूस आउट व्हायचा. मी ओरडलेच, "एक टप्पा आउट! अहो, हे आमचंच की!" त्याच्याही आधी काही ठिकाणी म्हणे पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. आता हे ओरडले, "आबाधुबी!" व्याह्यांना कळेना. तर ह्या माणसानं उठून मोज्यांचा गोळा केला आणि मी हॉलमधून पळतेय न पळतेय तोवर माझ्या पाठीत हाणला. तिकडे व्याही टाळ्या पिटत होते. आणखी एक सांगितलं त्यांनी, की एके काळी बॅटवालाच सांगायचा, मला वर टाक नाहीतर खाली टाक, आणि समोरच्यानं तसाच चेंडू टाकायचा. मी म्हटलं, म्हणजे जावयाला वाढतात तसं. हे मात्र त्यांना लेकीनं नंतर समजावून सांगितलं.

एका शुक्रवारी त्यांनी भिंतीवर नसलेल्या कार्डाची गोष्ट सांगितली. ते लहान असताना आजोबांनी त्यांना एक कार्ड दिलं होतं. कॅचरचं. म्हणजे आपला विकेटकीपरच, पण त्या काळी हातात ग्लोव्ह नाही, काही नाही, उघड्या पंजांनी झेलायचं. भरघोस मिशा, आणि तोंडासमोर दोऱ्यानं टांगलेला चेंडू. पोरगं ते कार्ड शर्टाच्या खिशातून काढायचंच नाही. आईनं शर्ट धुतला आणि खिशातून लगदा निघाला. "आईवरचा राग गेला," व्याही म्हणाले, "आईही गेली. तो लगदा तेवढा जात नाही." त्या कॅचरचं दुसरं कार्ड त्यांना मनासारखं कधी मिळालं नाही.

मी हे मनात ठेवलं.

कारण इकडे आमचं वेगळंच रडगाणं चाललं होतं. लग्न अमेरिकेत ठरलं आणि आम्हाला व्हिसाच मिळेना. व्हिसा सोडा, मुलाखतीची तारीखसुद्धा मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणतो, इन्शाल्ला. शेवटी ठरलं की साखरपुड्याचं जेवण दोह्यात करायचं, त्यासाठी लेक, जावई आणि व्याही इकडे येतील, आणि लग्न आम्ही मोबाइलवर बघायचं. पोटची एकच पोर, आणि तिच्या लग्नाला आईबाप फोनमधून! गवार निवडता निवडता मला रडू यायचं. मी ह्यांना सांगितलं, आपण तिथं नसू ते नसू, पण त्या मांडवात आपल्या घरची एक तरी वस्तू असली पाहिजे. लाखाची नको. पण व्याह्यांनी ती मनापासून जवळ ठेवली पाहिजे.

लेक म्हणाली, "आई, प्लीज. डोन्ट डू टू मच. ही डझन्ट नीड एनीथिंग."

"व्याही आहेत ते," मी म्हटलं, "लाइटचं बिल द्यायला आलेला माणूस नाही."

मग मी कॅचर शोधायला लागले. दोह्यातल्या परदेशी लोकांच्या ग्रुपवर टाकलं, जुनी बेसबॉल कार्डं हवी आहेत. एकानं टोप्या दाखवल्या. एकजण म्हणाला, क्रिकेटची बॅट आहे, जवळपास तेच. एका बाईनं क्रेडिट कार्डाची चौकशी केली. असल्या नगांना उत्तरं देऊन मी कंटाळले होते, तेवढ्यात एका अमेरिकन मास्तरांचा मेसेज आला. कतार सोडून चालले होते, घरातलं सगळं विकायला काढलं होतं, आणि म्हणाले, विकायचा नाही पण माझ्याकडे आजोबांच्या कार्डांचा एक खोका आहे, बघायला या.

मी पर्लला, म्हणजे समुद्रात भर घालून वसवलेल्या श्रीमंतांच्या वस्तीत गेले. काय ती बिल्डिंग, काय ती लॉबी, माझ्या चपलांचा आवाजसुद्धा मला जास्त वाटायला लागला. वर मास्तरांच्या घरात मात्र नुसता बाजार. सोफा गेलेला, टीव्ही गेलेला, आणि मास्तर अर्ध्या चड्डीत जमिनीवर बसलेले. त्यांनी खोका उघडला आणि आधी मला दम भरला. कार्ड कडांनीच धरायचं. टेप लावायची नाही, डिंक लावायचा नाही, पुसायचं नाही, सरळ करायला जायचं नाही. कोपरा गेला असेल तर गेलेलाच ठेवायचा. त्या छंदाचं सगळं शास्त्र एवढंच, की कार्डाला काहीही करायचं नाही. म्हाताऱ्या माणसासारखं जसं आहे तसं राहू द्यायचं. माणसानं काही सुधारायला घेतलं की खलास.

खोक्याच्या तळाशी तो निघाला. तोच कॅचर, व्याह्यांनी सांगितलेलं तेच नाव खाली. व्याह्यांच्या कार्डात तो उभा होता, ह्यात वाकलेला, पण मिशा त्याच आणि दोराही तोच. एक कोपरा तुटलेला. मी अशी किंचाळले की मास्तर दचकले.

"पैसे सांगा," मी म्हटलं. ते म्हणाले, आजोबांची वस्तू आहे, विकणार नाही. पण अदलाबदल करेन. लहानपणी तुम्ही काय गोळा करत होता?

आता आली का पंचाईत! कारण माझ्याकडे होतं. माझ्याकडे काड्यापेट्यांचे छाप होते. वाघ, जहाज, किल्ली, हरीण, घोडेस्वार. कराडच्या एसटी स्टँडसमोर पानाच्या टपरीखाली वाकून वाकून वेचलेले, भावांशी खेळून जिंकलेले, त्यांच्यापायी वडिलांचा मार खाल्लेला. लग्न झालं तशी ती पत्र्याची पेटी माझ्याबरोबर आली, आणि दोह्यालाही आली. लेक लहान असताना तापली की मी तिच्या पांघरुणावर छाप मांडायची आणि आम्ही दोघी वाघाच्या आणि जहाजाच्या गोष्टी करायचो. ह्यांची नजर त्या पेटीवर फार दिवस होती, पण मी बजावलं होतं, पेटीला हात लावलात तर माहेरी जाईन.

घरी येऊन मी पेटी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग मनाशी म्हटलं, बाई, तुझे छाप तुझ्यामागे कोण बघणार आहे? पोर तिकडे सुखात राहू दे. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन पर्लला गेले. मास्तरांनी एकेक छाप उचलून बघितला, कडांनीच धरून. माणूस कदरदान होता, तेवढंच समाधान. पेटी देण्याआधी मी गुपचूप एक छाप पर्समध्ये सरकवला होता, मोराचा. माझा पहिला. तो नाही देववला मला.

कार्ड आणलं ते मेट्रोत दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून. पाकिटात घातलं, पैठणीच्या घडीत ठेवलं आणि ह्यांना दाखवून सांगितलं, "फार जपायची वस्तू आहे. तुटायला आलीये. हात लावायचा नाही." छापांचं काही बोलले नाही. आणि ह्या माणसाला 'तुटायला आलीये' म्हणून सांगणं म्हणजे मांजराला दूध तापवून ठेवलंय म्हणून सांगणं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी दुकानातून अळूची पानं घेऊन घरी आले. हे खुर्चीत चहा पीत बसले होते आणि गालातल्या गालात हसत होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते हसू बाईला ओळखता येतं.

"सरप्राइज!" म्हणाले आणि टेबलावर ठेवलं.

चकचकीत! कडक! चारी बाजूंनी बोटभर प्लास्टिकची पट्टी आणि मधोमध आमचा कॅचर, ओढ्यात बुडाल्यासारखा.

"अहो, हे काय केलंत!"

"कोपरा तुटत होता गं. तूच म्हणालीस. आता शंभर वर्षं काही होत नाही बघ ह्याला."

"शंभराच्या वर वर्षं काही झालंच नव्हतं त्याला! तुमच्या हाती लागेपर्यंत!"

मग मी ते उलटं केलं. पाठीमागे सिगारेटची जाहिरात होती, आणि तिच्यावर, प्लास्टिकच्या आत, कुंकवाचं बोट.

"शुभकार्याची वस्तू आहे," हे म्हणाले. "आणि मागून लावलंय, पुढून नाही. मला काय एवढं कळत नाही?"

मग मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोलण्याच्या भरात छापांचंही निघालं. "माझी पेटी दिली मी त्याच्यासाठी! अख्खी पेटी!" तेव्हा ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. मला म्हणाले, "वाघाचासुद्धा?" मी म्हटलं, "वाघाचासुद्धा." त्यांचा चेहरा असा झाला की मला शिव्या आवराव्या लागल्या.

उठले आणि म्हणाले, "चल, उघडून घेऊ." तसेच नजमाला गेलो. टायपिंग सेंटरवाल्याला वाटलं, आम्ही क्वालिटीची तक्रार घेऊन आलोय. त्यानं दोन्ही हातांनी कार्ड ओढून दाखवलं, वाकवून दाखवलं, टेबलावर आपटून दाखवलं. "लॅमिनेशन वापस नहीं होता, मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. "लाइफटाइम!" मी पर्लच्या मास्तरांना फोन केला. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, लॅमिनेट केलं? मग म्हणाले, सोडवायला जाऊ नका, फोटोच निघून येईल. आता कुठल्याही कार्डवाल्याच्या लेखी ते मेलं.

येताना सूकमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, पितळेची दल्ला, ती चोचवाली अरबी कॉफीची किटली, विकत घेतली, सगळे पाहुण्यांना देतात तशी. ह्यांना सांगितलं, हीच द्यायची. कार्ड कपाटात राहील आणि त्याचं नाव काढायचं नाही. ह्यांनी मान हलवली. म्हणाले, "आयुष्यात परत लॅमिनेट करणार नाही." मी म्हटलं, "बैल गेला आणि झोपा केला." त्या संध्याकाळी आमच्या घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. फोनमध्ये छातीपर्यंतच दिसायचे, प्रत्यक्षात खांबाएवढे उंच, गुडघे आमच्या टेबलाखाली मावेनात. पण माणूस गोड. अळूवड्या मिटक्या मारत खाल्ल्या, बासुंदीची वाटी चाटून पुसून ठेवली. जावयानं आग्रहाला नाही म्हणायचं नसतं हे त्याला लेकीनं शिकवलं असावं, बिचारा घामाघूम होईपर्यंत जेवला. सगळं सुरळीत चाललं होतं, पण माझं लक्ष सारखं कोपऱ्यातल्या तबकाकडे जात होतं. त्या दल्लाकडे बघितलं की वाटायचं, एअरपोर्टवरही हीच मिळते.

जेवणं झाली. ह्यांनी व्याह्यांना टिळा लावला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. व्याह्यांनी तो नारळ बोटांत असा फिरवून धरला, चेंडूची शिवण चाचपावी तसा, की आता हा फेकतोय की काय म्हणून जावई पुढे झाला. सगळे हसले. मग हे तबक घेऊन पुढे आले. तबकात दल्ला. आणि दल्लाखालचा रुमाल हलवून ह्यांनी ते चकचकीत कार्ड बाहेर काढलं.

मी नको नको म्हणून हात हलवला, पण ह्यांनी बघितलंच नाही.

"सर," हे म्हणाले, त्याच ऑफिसच्या इंग्रजीत, "वन मोअर आयटम. माझ्या मिसेसनं हे तुमच्यासाठी शोधलं. त्यासाठी तिनं स्वतःचं लहानपणचं कलेक्शन देऊन टाकलं. ते मी खराब केलं. मिस्टेक माझी, तिची नाही. एवढं तुम्हाला माहीत पाहिजे."

"बाबा, नो," लेक पुटपुटली. तिनं व्याह्यांची भिंत बघितली होती, तिला कळलं होतं काय झालंय ते. जावयानं कपाळावर हात मारला. व्याह्यांनी चष्मा लावला. कार्ड कडांनी धरायची सवय, पण आता कडा कुठल्या, सगळं प्लास्टिकच. बराच वेळ मिशांकडे बघत राहिले. मग त्यांनी ते उलटं केलं.

"हे लाल काय आहे?"

"गुड लक," हे म्हणाले.

व्याह्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत, मला वाटलं. बघते तर हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि भर हॉलमध्ये, ताटावर धरून, त्या कार्डावर ओतला. आम्ही सगळे ओरडलो. त्यांनी आमच्या शालीनं ते पुसलं, पुढून पुसलं, मागून पुसलं, आणि वर धरलं. कॅचर जसाच्या तसा.

"हे माझ्या आईला धुता आलं असतं," ते म्हणाले.

आणि शर्टाच्या खिशात टाकलं. म्हणाले, भिंतीवरच्या एकाही कार्डाला मी हात लावू शकत नाही, घरातलं हे पहिलंच असं जे खिशात घेऊन फिरता येईल. मग ह्यांना उठवून अशी मिठी मारली की ह्यांचे पाय जमिनीवरून सुटले. हे तिथून, व्याह्यांच्या खांद्यावरून, माझ्याकडे बघत होते. अहाहा, काय तो चेहरा! आता ह्या माणसाबरोबर पुढचं आयुष्य कसं काढायचं, मला वाटलं.

मी स्वयंपाकघरात भांडी आवरायला गेले. लेक मागोमाग आली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, छाप का दिलेस गं? ते आपले होते ना?"

मराठीत. स्पष्ट मराठीत. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. तेव्हा फक्त नळ जोरात सोडला आणि म्हटलं, "जुनाट कागद ते. काय करायचेत?" तिनं मागून मला घट्ट धरलं. खूप वेळ आम्ही दोघी तशाच उभ्या होतो आणि पाणी वाया जात होतं.

लग्नापर्यंत व्हिसा आला नाही तो नाहीच. तिथं सकाळ होती आणि इथं संध्याकाळ. मी पैठणी नेसले, नथ घातली. ह्यांनी फेटा बांधला, खाली मात्र घरातली पँट, कारण तेवढं दिसत नाही म्हणे. लॅपटॉपला हार घालायला निघाले होते, मी हात धरला. लग्न जावयाच्या घरामागच्या बागेत होतं. ओसरीत स्टँडवर एक फोन लावून ठेवला होता, त्यातून आम्हाला सगळं दिसत होतं. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. व्याही फोनजवळ आले, म्हणाले, "या तुमच्या." मग त्यांनी कोटाच्या खिशातून कार्ड काढलं आणि एका खुर्चीवर नीट उभं करून ठेवलं. मुलीकडचे म्हणून आमचा कॅचर बसला, वाकून, मिशा सावरून, दोऱ्याच्या चेंडूकडे बघत.

अंगठ्या घालून झाल्या आणि आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला. बायका बूट हातात घेऊन पळाल्या. केक घेऊन दोघं पळाले. लेक झगा धरून पळाली, जावई तिच्यामागे. क्षणात बाग रिकामी. फोन ओसरीत होता म्हणून आम्हाला दिसत राहिलं. रिकाम्या खुर्च्या, धो धो पाऊस, आणि पहिल्या रांगेत एकटा कॅचर. उलथा पडला होता, पण खुर्चीतून हलला नव्हता. पाठीमागचा लाल ठिपका इथून दिसत होता.

"मी म्हणालो नव्हतो?" हे उठून उभेच राहिले, फेट्यासकट. "मी म्हणालो नव्हतो? काही होत नाही त्याला!"

तेवढ्यात ओसरीतून कुणीतरी बाहेर पळालं. व्याही. त्या खांबाएवढ्या म्हाताऱ्या माणसानं भिजत भिजत जाऊन कार्ड उचललं. काही गरज नव्हती, त्याला काहीच होणार नव्हतं. तरी त्यांनी ते कोटाच्या आत धरलं, दोन्ही हातांनी झाकलं, आणि पळत परत आले.

मी उठून आत गेले. पर्सच्या आतल्या कप्प्यातून मोराचा छाप काढला, बाहेर आणून ह्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "उद्या नजमाला जाल तेव्हा करून आणा."

हे छापाकडे बघतच राहिले. कडांनीच धरला होता.

"जाड की पातळ?" त्यांनी विचारलं.

"जाड," मी म्हटलं.